आईंची अनामिका

पहिल्या दिवशी आईंनी हातच मागे घेतला. “म्हजो आंगठो लागना गो बाय,” म्हणाल्या, पदराला बोटं पुसली आणि चुलीवर आमटी आहे असं सांगून आत गेल्या. मी बोटाचा ठसा वाचणाऱ्या त्या यंत्राची वायर हातात धरून तशीच बसून राहिले. चुलीवर आमटी नव्हती.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ६८. आमचं घर गोव्यात, साखळी गावाजवळ. इथल्याच एका काजूच्या कारखान्यात त्यांनी २३ वर्षं बिया फोडल्या. घरी बसून आता सहा वर्षं झाली, पण अंगठ्याचा ठसा काही परत आलेला नाही. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवला की नकार. पुन्हा ठेवा, जोरात दाबा, हात धुऊन या, दुसरं बोट ठेवा. मागे रांग वाढत जाते. एकदा अशा तीन दिवस तीन खेपा झाल्या. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकून सोबत गेले, तेव्हा मोबाइलवर आलेला आकडा सांगून काम झालं. परतताना वाटेत त्या काही बोलल्या नाहीत. अंगणात चपला काढताना हात पुढे धरून एवढंच म्हणाल्या, “हात म्हजेच न्हय गो?”

त्यामुळे घरच्या संगणकाला बोट दाखवून आत शिरण्याची सोय करायची ठरवली तेव्हा खरी परीक्षा त्यांच्याच बोटांची होती, हे मला आधीच कळायला हवं होतं. मी मात्र यंत्राकडेच बघत बसले होते.

संगणकाला कुलूप का लागतं तेही सांगते. मी शाळेत गणित शिकवते. घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका घरीच टंकते आणि त्याच खोलीत संध्याकाळी आठ-दहा मुलं शिकवणीला बसतात. संगणक एकच, माणसं चार: मी, नवरा, आठवीतली मुलगी आणि आई. आईंना त्यावर दोनच गोष्टी हव्या असतात. दुपारी अभिषेकीबुवांची नाट्यपदं आणि रात्री पुण्याला असलेल्या माझ्या नणंदेशी व्हिडिओवर बोलणं. मोबाइलच्या पडद्यावर लेकीचा चेहरा बारीक दिसतो, म्हणून त्यांना मोठा पडदा लागतो. पूर्वी सगळे एकाच खात्यात शिरायचो. एकदा आईंनी गाणं लावायला म्हणून काहीतरी दाबलं आणि नववीची अख्खी प्रश्नपत्रिका पडद्यावर उघडी पडली. समोर नववीची चार मुलं बसलेली. मी ती प्रश्नपत्रिका रद्द करून रात्री जागून नवीन काढली. त्या दिवसापासून चौघांना चार खाती हवीत हे नक्की झालं.

संगणक सातव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. चालतं यंत्र भंगारात काढायला मन होईना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घातलं, त्यातलं उबुंटू २४.०४. चार खाती केली. प्रत्येक खात्याची भाषा वेगळी ठेवता येते, म्हणून आईंचं खातं मराठीत केलं. नावाच्या जागी नुसतं ‘आई’ लिहिलं आणि शेजारी विठ्ठलापूरच्या देवळाचा फोटो लावला.

अडलं ते पासवर्डावर. आई मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, पण कळफलकावरची इंग्रजी अक्षरं त्यांना शोधत बसावं लागतं, आणि टाइप करताना पडद्यावर दिसतात ते नुसते काळे ठिपके. चुकलं कुठे ते कळायला मार्ग नाही. तीनदा चुकलं की हाक: “बाय, हें तुजें कुलूप उक्तें कर.” मी शाळेत असले तर नातीला. नात शिकवणीला गेली असली तर गाणं राहिलंच.

बोटाने उघडणारं कुलूप हवं होतं ते खरं त्यांच्यासाठी.

बऱ्याच लॅपटॉपना ठसा वाचणारं यंत्र अंगातच असतं. टेबलावरच्या संगणकाला ते यूएसबीने बाहेरून जोडावं लागतं. मी आधी नखाएवढं एक स्वस्त यंत्र मागवलं आणि पैसे वाया घालवले. विंडोजवर ते चाललंही असतं, पण लिनक्सवर संगणकाला ते दिसायचं नुसतं, ते चालवायचं कसं हे त्याला ठाऊक नव्हतं. कारण सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. लिनक्समध्ये बोटांची यंत्रं चालवण्याचं काम लिबएफप्रिंट नावाचा एक संच करतो आणि त्याच्यावर बसून एफप्रिंटडी नावाचा सेवक ठसे नोंदवतो, जुळवतो. लिबएफप्रिंटला जी यंत्रं चालवता येतात त्यांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. यंत्र जोडून टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एलएसयूएसबी (lsusb) ही आज्ञा दिली की प्रत्येक यंत्रापुढे चार-चार अक्षरांचे दोन गट दिसतात: पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा त्या नमुन्याचा. ती जोडी यादीत असेल तरच खरेदी करा. खोक्यावर काय छापलंय त्याला अर्थ नाही. एकाच नावाचं यंत्र आतली चिप बदलून विकलं जातं, तेव्हा शक्य असेल तर दुकानातच कुणाच्या तरी लिनक्सवर जोडून बघा.

दुसरं यंत्र पणजीत जुनं संगणकसामान विकणाऱ्याकडे मिळालं. डिजिटल पर्सोनाचं यू.आर.यू. ४५००. काडेपेटीहून थोडं मोठं, लांब वायरचं, बोट ठेवायच्या खिडकीत निळा उजेड. ओळख ०५बीए:०००ए, यादीत आहे. घरी आणून लावलं आणि पाच मिनिटांत माझी तर्जनी नोंदली गेली.

करायचं फार नसतं. एफप्रिंटडी आणि त्याचा पॅमशी जोडणारा भाग संगणकात नसेल तर तो बसवून घ्यायचा. पॅम म्हणजे लिनक्सचा दारवान. कुणाला कशाच्या बळावर आत सोडायचं हे तो ठरवतो. मग सेटिंग्जमध्ये वापरकर्त्यांच्या पानावर ठशाने प्रवेश असा पर्याय दिसतो. यंत्र जोडलेलं नसेल किंवा ओळखीचं नसेल तर तो पर्यायच दिसत नाही, आणि बरेच लोक इथेच वैतागून सोडून देतात. बोट निवडायचं आणि सांगेल तितक्या वेळा ठेवायचं, उचलायचं. आमच्या यंत्रावर पाच वेळा. दर वेळी बोट जरासं वेगळं ठेवा: एकदा सरळ, एकदा टोकाकडून, एकदा किंचित कलून. पाचही वेळा अगदी एकाच जागी ठेवलंत तर पुढे घाईत तिरकं पडलेलं बोट त्याला ओळखू येत नाही. आणि ज्याचं बोट त्याच्याच खात्यात शिरून नोंदवा.

माझी तर्जनी, नवऱ्याचा अंगठा, मुलीची तर्जनी. सगळं सुरळीत. मग मी आईंना हाक मारली, आणि पुढे काय झालं ते वर लिहिलंच आहे.

दोन दिवस मी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर शाळेचं शिक्क्याचं पॅड आणि चौकटीच्या वहीतलं एक पान घेऊन त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. म्हटलं, यंत्र राहू दे, आपण दहाही बोटांचे ठसे नुसते कागदावर घेऊन बघू. त्यांना ते आवडलं. त्यांच्या सासूबाईंच्या सगळ्या कागदांवर असाच जांभळा अंगठा असायचा म्हणे. नातही येऊन बसली. शंख कुठे, चक्र कुठे, दहाही चक्रं असली तर राजा होतो की नाही, अशी चर्चा झाली. आईंनी एकेक बोट पॅडवर टेकवून चौकटीत उमटवलं.

तो कागद मी विसरणार नाही. उजवा अंगठा म्हणजे एक जांभळा डाग, मध्ये पांढरी भेग. डावा अंगठा, तर्जनी, मध्यमा तशाच. नुसते डाग, त्यात एकही रेघ पूर्ण नाही. आणि मग अनामिका: कडेकडेने फिरत आलेल्या बारीक रेघा, मध्ये स्पष्ट चक्र. दोन्ही हातांची. करंगळ्याही बऱ्या. नातीने मोबाइलने फोटो मोठा करून दाखवला तेव्हा आई बराच वेळ बघत होत्या. मग आपणच सांगू लागल्या.

बी डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, पात्यांमध्ये ठेवायची, उजव्या हाताने दांडा ओढायचा. टरफल उघडलं की सळईने गर सोडवायचा. गर अख्खा निघाला पाहिजे. तुकडा झाला तर त्याला भाव नाही. मजुरी किलोवर. हातमोजे घातले तर बी चिमटीत नीट बसत नाही, दिवसाचा आकडा खाली येतो, म्हणून मोजे कुणीच घालत नसत. हाताला राख चोळायची आणि बसायचं. चिमूट म्हणजे अंगठा, तर्जनी, मध्यमा. अनामिका आणि करंगळी वर उचललेली. २३ वर्षं ती दोन बोटं त्या तेलापासून चार अंगुळं दूर राहिली होती.

काजूच्या टरफलातलं हे तेल काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा जसा उततो तसंच हे. टरफलाच्या दोन थरांमध्ये जाळीसारखी जागा असते, तिच्यात हे तपकिरी चिकट तेल साठलेलं असतं. त्यातलं अनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल कातडी जाळतात. बी भाजली की ते बरंच कमी होतं, पण संपत नाही. पांढरा काजू दुकानात ज्या ३२० नावाने विकतात, तो आकडा एका पौंडात, म्हणजे साडेचारशे ग्रॅमला जरा वरचढ वजनात, किती गर बसतात त्याचा असतो. फार तर ३२०. एवढे गर एकेक करून कुणीतरी चिमटीत धरलेले असतात.

आणि ठसा कशाचा? बोटाच्या कातडीवर उंचवटे आणि खाचा असतात. आईच्या पोटात असतानाच त्या तयार होतात आणि त्यांचा साचा वरच्या कातडीखाली, दोन थरांच्या सांध्यावर असतो. म्हणून वरवर भाजलं, सोललं तर महिनाभरात तीच नक्षी पुन्हा वर येते. उतारवयात थोडा जास्त काळ लागतो. पण वर्षानुवर्षं रोज सोलत राहिलं, खोल भेगा पडल्या, त्यात वयाने उंचवटे बसत गेले, की वर यायला फारसं काही उरत नाही. आमच्यासारखं काचेचं यंत्र खालून उजेड टाकून बघतं. उंचवटा काचेला टेकतो तिथे उजेड परतत नाही, खाचेपाशी परततो, आणि त्यातून काळ्यापांढऱ्या रेघांचं चित्र बनतं. मग रेघ कुठे संपते आणि कुठे तिला फाटा फुटतो, एवढ्या जागा टिपून ठेवतात. पुढच्या वेळी जुळवतात त्या याच जागा. रेघच नसेल तर ती कुठे संपली हे कुणाला सांगता येणार? यात यंत्राचा दोष नाही आणि बोटाचाही नाही. फक्त ‘आजी, जोरात दाबा’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं. जोरात दाबलं की उंचवटे पसरतात आणि होता नव्हता तो ठसाही पुसट होतो.

माणूस ओळखायला ठसा वापरायची ही पद्धत आपल्याच देशात रुजली, हे मी मुलांना वर्गातही सांगते. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला होता. पुढे १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी करणाऱ्या पद्धतीला नाव मिळालं एडवर्ड हेन्रीचं, पण तिच्यामागचं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी मांडलं होतं. हक तर गणिताचेच. मला त्यांच्याविषयी विशेष माया आहे.

पुन्हा आमच्या माजघरात. दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वतःहून यंत्रासमोर येऊन बसल्या. उजव्या अनामिकेला खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात लावून पुसून घेतला, कारण कोरडं बोट काचेला नीट टेकत नाही. पहिल्यांदा ठेवलं, मान्य. दुसऱ्यांदा, मान्य. तिसऱ्यांदा पुन्हा ठेवा म्हणून आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नुसती मान हलवली. चौथं, पाचवं. नोंद झाली. खात्यातून बाहेर आलो, ‘आई’ या नावावर टिचकी मारली, त्यांनी अनामिका टेकवली आणि विठ्ठलापूरच्या देवळामागून त्यांचा पडदा उघडला. त्यांनी लगेच पडदा पुन्हा बंद करायला लावला आणि पुन्हा उघडला. असं चारदा. मग पुण्याला फोन लावून लेकीला सांगितलं.

आठ दिवसांनी यंत्र एकदम कुणालाच ओळखेना. खिडकीवर तांबूस थर बसला होता. देवाला गंध-कुंकू लावतात ते अनामिकेनेच, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पूजा आटोपून त्या थेट गाण्याला येत. अशा काचेवर एक मऊ पारदर्शक पापुद्रा असतो, तो स्पिरिटने पुसू नये, खरखरीत कशाने घासू नये. चिकटपट्टीचा तुकडा चिकट बाजूने हलकेच टेकवून उचलायचा. दोन-तीनदा केलं की खिडकी स्वच्छ. मी हे सांगत होते तेव्हा आईंनी परस्पर निकाल देऊन टाकला. उजवी देवाची, डावी ह्याची. मग डावी अनामिका नोंदवली, सोबतीला डावी करंगळी, आणि उजवी काढून टाकली. डावीला कधी कधी दोनदा ठेवावं लागतं. चालतं.

आता ज्या गोष्टींत मी अडखळले त्या सांगते.

बोटाने आत शिरलात तरी आतला एक जुडगा बंदच राहतो. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, वायफायच्या काही किल्ल्या, हे सगळं एका पेटीत तुमच्या पासवर्डानेच गुंडाळून ठेवलेलं असतं. बोट म्हणजे नुसतं ‘हो, हीच ती बाई’ असं सांगणं. त्यातून पेटी उघडायची किल्ली तयार होत नाही. त्यामुळे आत आल्यावर ब्राउझर उघडला की जुडग्याचा पासवर्ड मागतो आणि माणूस गोंधळतो. माझ्या खात्यात मी याला सरळ उत्तर ठेवलंय: सकाळी पहिल्यांदा पासवर्ड टाइप करून शिरायचं, मग दिवसभर पडदा कुलूपबंद झाला की बोट. आईंच्या खात्यात बँक नाही, प्रश्नपत्रिका नाहीत, म्हणून त्यांच्या जुडग्याचा पासवर्ड मी कोरा ठेवला. ज्या खात्यात पैशाचे व्यवहार होतात तिथे हे करू नका. मग ती पेटी उघडीच पडते.

टर्मिनलमध्ये सुडोसाठी, म्हणजे मुख्य अधिकाराने आज्ञा देण्यासाठीही, बोट चालवता येतं. त्यासाठी पॅम-ऑथ-अपडेट या आज्ञेने निघणाऱ्या यादीत खूण करायची. मी केली आणि दोन दिवसांनी काढली. दर वेळी तो आधी बोटाची वाट बघत थांबतो, दहा सेकंदांपर्यंत, आणि मगच पासवर्ड विचारतो. हात कळफलकावर असताना मला ते नको वाटलं. शिवाय पॅमशी काही करताना मुख्य अधिकाराची एक खिडकी उघडी ठेवा. दारवानालाच चुकीचा हुकूम दिला तर तो घरधनिणीलाही बाहेर उभं करतो.

आणि ठसे कुठे जातात? आमच्या यंत्रात ते कुठेही पाठवले जात नाहीत. संगणकाच्याच डिस्कवर, मुख्य अधिकार असलेल्यालाच वाचता येईल अशा जागी राहतात. काही नव्या यंत्रांमध्ये ते यंत्राच्या चिपमध्येच राहतात. अशी यंत्रं जुनी विकत घ्याल किंवा विकाल तेव्हा आतले ठसे पुसायला विसरू नका. संगणक पुन्हा नव्याने भरला तरी चिपमधलं तसंच राहतं.

पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी खात्यातून २०१५ मध्ये ५६ लाख माणसांचे ठसे चोरीला गेले. त्या माणसांना दुसरी बोटं कुठून आणून देणार? आपल्याकडेही दस्तऐवजांवरच्या ठशांवरून नकली अंगठे बनवून आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत. म्हणून घरातल्या प्रत्येकाच्या आधारचे ठसे मी कुलूपबंद करून टाकलेत. ती सोय फुकट आहे, लागेल तेव्हा उघडता येते. आणि शिक्क्याच्या पॅडने घेतलेला तो दहा बोटांचा कागद त्याच रात्री चुलीत घातला. नातीच्या मोबाइलमधला फोटोही पुसला. कागद जाळताना जिवावर आलं, पण जाळला.

बोटाशिवायचं दुसरं दार मात्र कायम हवं, आणि ते त्या माणसाला स्वतःच्या हाताने उघडता यायला हवं. आईंचा अक्षरांचा पासवर्ड काढून मी आकड्यांचा ठेवला, कळफलकाच्या उजवीकडे आकड्यांची वेगळी पेटी असते तिथून दाबायचा. लांबलचक आकडा आहे, पण त्यांनी तो २३ वर्षं रोज उच्चारलेला आहे, म्हणून विसरण्याचा प्रश्न नाही. कोणता ते इथे लिहिणार नाही. नम लॉकचा दिवा लागलाय का ते आधी बघायचं, हे त्यांना एकदाच सांगावं लागलं.

हे दुसरं दार शिगम्याच्या दिवसांत लागलं. शेजारच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, ओल्या काजूबिया आल्या. ओल्या काजूगरांची उसळ आमच्या घरात सगळ्यांना हवी असते, आणि ओल्या बीचं टरफल सोलण्याइतकं वाईट काम दुसरं नाही. भाजलेल्या बीत तेल कमी होतं, ओलीत ते सगळंच्या सगळं जिवंत असतं. मी मोजे आणून दिले होते. शाळेतून आले तेव्हा मोजे खुंटीवर होते, परातीत गर होते आणि आईंची दहाही बोटं काळवंडलेली. घरात चिमूट कशाला धरायची, मांडीवर परात घेऊन सगळ्या हाताने सोललं होतं. मी रागावले. उसळ फार सुंदर झाली होती आणि मी एक घासही नीट खाल्ला नाही.

चार दिवसांनी कातडी सुटू लागली. अनामिकाही, करंगळीही. यंत्राने नकार दिला. आईंनी एकदाच ठेवून बघितलं, पुन्हा ठेवलं नाही. मला वाटलं आता गाणं बंद. पण दुपारी आकड्यांच्या पेटीवर टकटक ऐकू आली. एकेक आकडा जोरात, मध्ये थांबून, मग शेवटी मोठी कळ. आत शिरल्या. रोज दुपारी तीच टकटक. मी स्वयंपाकघरात असले की हातातलं काम थांबवून ती मोजायची. एकही दिवस कमी-जास्त झाली नाही.

बोट परत येतंय का हे मी विचारलं नाही. नवीन नोंद करू या असंही म्हटलं नाही. सोललेल्या कातडीची नोंद करण्यात अर्थ नव्हता आणि जुनी नोंद आत होतीच. खोबरेल तेलाची वाटी तेवढी यंत्राशेजारी ठेवली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी कैऱ्या चिरत होते. वीज येऊन-जाऊन होती, संगणक नुकताच पुन्हा चालू झाल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मी सुरी खाली ठेवून टकटक ऐकायला थांबले. टकटक झालीच नाही. आणि माजघरातून अभिषेकीबुवांचा आवाज सुरू झाला.